सिमकोच्या बर्फाखालचा ट्राउट

(दृश्य: पहाट. गोठलेल्या सरोवरावर स्नोमोबाइलच्या दिव्यांची रांग.)

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातलं सिमको सरोवर. टोरंटोहून उत्तरेला गाडीने साधारण तासाभरावर. उन्हाळ्यात इथे 722 चौरस किलोमीटर पाणी असतं, आणि जानेवारी सरता सरता त्याच पाण्यावर वस्ती उभी राहते. खोपटी ओढत आणली जातात, त्यांत शेगड्या पेटतात, आणि प्रत्येक खोपटावर सरकारी नोंदणीचा क्रमांक लांबूनही वाचता येईल एवढा मोठा रंगवलेला असतो.

(दृश्य: गिरमीट बर्फात उतरतं.)

गिरमीट फिरायला लागलं की बर्फाचा कीस भोवती साचतो, आणि पातं आरपार गेलं की खालून पाणी उसळून वर येतं. मग भजी तळायच्या झाऱ्यासारखा लांब दांड्याचा झारा घेऊन भोकातला कीस काढायचा. वाऱ्यामुळे त्यावर सारखी साय धरते, ती दिवसभर काढत राहायची.

इथली अनुभवी माणसं पाऊल टाकण्याआधी बर्फाचा रंग बघतात. निळसर, काचेसारखा बर्फ भरवशाचा. पांढऱ्या बर्फात हवा कोंडलेली असते, त्याची ताकद जवळपास निम्मी.

(दृश्य: खोपटाच्या आत. ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्राचा पडदा, हातात गळाची आखूड काठी.)

गरवायला आलेल्या या सगळ्यांना हवा असतो लेक ट्राउट. हा थंड पाण्याचा मासा. हिवाळ्यात बर्फाखाली सगळंच पाणी थंड, म्हणून तो सरोवरभर मोकळा हिंडतो. पडद्यावर खालची सपाट रेघ म्हणजे तळ, मधली बारीक रेघ म्हणजे आपलं आमिष. ते हलकेच वर उचलायचं, सोडायचं, पुन्हा उचलायचं. तळाकडून एखादी जाड रेघ वर चढू लागली की खोपटातलं बोलणं थांबतं.

(दृश्य: भोकाचं जवळून चित्रण. पाण्यात बुडबुडे.)

हे बुडबुडे नीट पाहा. खोलातून वर येताना लेक ट्राउट पोटातल्या पिशवीतली हवा तोंडावाटे सोडतो. त्यामुळे मासा दिसायच्या आधी त्याचा श्वास दिसावा, तसे हे बुडबुडे वर येतात. मग डोकं दिसतं. राखाडी-हिरवट अंग, त्यावर फिकट ठिपके, मधोमध खोल दुभंगलेली शेपटी.

आता बघायचे ते त्याचे पर, म्हणजे पोहायचे पंख.

(दृश्य: ओल्या हातात धरलेला मासा. बोट एकेका परावरून फिरतं.)

पैदास केंद्रात वाढवून सरोवरात सोडलेल्या ट्राउटचा एक पर लहानपणीच कापलेला असतो. कुठला पर कापायचा ते सालागणिक बदलतं. त्यामुळे वर्षांनंतरही मासा हातात घेतला की तो कुठल्या वर्षीचा, याचा माग लागतो. आणि ज्याचे सगळे पर शाबूत, तो याच सरोवरात, याच पाण्यात जन्मलेला असण्याची शक्यता मोठी.

आपल्या हातातल्या या माशाचे सगळे पर शाबूत आहेत.

(दृश्य: खडकाळ उथळ किनारा, शरद ऋतू.)

एक काळ असा होता की असा मासा इथे दिसेनासा झाला होता. शरदात लेक ट्राउट खडकाळ उथळ जागी रात्री जमतो. घरटं करत नाही. अंडी दगडांच्या फटींत पडतात आणि हिवाळाभर तिथेच राहतात. तेव्हा दगड स्वच्छ लागतो, आणि नंतर पिल्लाला खोल, थंड, श्वास घेता येईल असं पाणी लागतं.

(दृश्य: हॉलंड मार्शची काळी जमीन, गाजर-कांद्याची शेतं. मग गावांचं सांडपाणी.)

सरोवराच्या दक्षिणेला दलदल आटवून ही काळीभोर शेतजमीन तयार केली गेली. आजूबाजूला गावं वाढली. शेतातून, गटारांतून, वाऱ्यावर उडणाऱ्या मातीतून फॉस्फरस पाण्यात उतरला. त्यावर शेवाळ पोसलं, मेलं, तळाशी कुजलं आणि तिथला ऑक्सिजन खाऊन गेलं. उन्हाळा संपताना ट्राउटची कोंडी व्हायची: वरचं पाणी कोमट, खालचं गुदमरवणारं. मोठे मासे कसेबसे तगले, पिल्लं तगेनात. 1960 च्या दशकापासून पैदास केंद्रातले मासे आणून सोडायला सुरुवात झाली, आणि अनेक वर्षं इथला ट्राउट त्यांच्याच जोरावर टिकला.

(दृश्य: पैदास केंद्र. टाक्यांमध्ये बोटभर पिल्लांची गर्दी.)

हे काम मन लावून केलेलं आहे. एकेक पिल्लू हातात घ्यायचं, पर कापायचा, पुन्हा पाण्यात. त्या हातांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण सरोवर बरं होतंय की नाही, हे टाक्यांतल्या पिल्लांची संख्या सांगू शकत नाही. ते शाबूत परांचा मासाच सांगतो. म्हणून 2008 साली प्रांताने सिमकोच्या रक्षणासाठी खास कायदा केला, ही इथली सर्वांत महत्त्वाची घटना आम्हाला वाटते. 2009 च्या आराखड्यात उद्दिष्टं आकड्यांत लिहिली गेली: फॉस्फरस वर्षाला 44 टनांवर आणायचा, खोल पाण्यातला ऑक्सिजन लिटरला 7 मिलिग्रॅमवर न्यायचा. सांडपाण्याचं शुद्धीकरण सुधारलं, ओढ्यांकाठी झाडं लागली, तळाला पुन्हा हवा मिळू लागली. आणि सरोवरात जन्मलेले ट्राउट गळाला लागायला लागले. छोट्या सिस्को माशाची मासेमारी 2001 साली बंद करावी लागली होती, ती 2015 मध्ये पुन्हा खुली झाली.

उद्दिष्टं अजून गाठलेली नाहीत. रस्त्यांवरच्या मिठाने पाण्यातलं क्लोराइड वाढतंय, बर्फाचे दिवस कमी होताहेत, गावं पसरताहेत.

(दृश्य: दुपार. बर्फावर सरकारी पाहणी करणारी व्यक्ती, वही, मोजपट्टी.)

म्हणून ही मोजणी. खोपट्यांमधून फिरून विचारायचं: किती वेळ बसलात, काय मिळालं, काय सोडून दिलं. माशाची लांबी, वजन, आणि पुन्हा तेच, पर. शेजारच्या खोपटात टोरंटोहून आलेलं एक मराठी कुटुंब बसलंय. त्यांच्या मुलीने आपला मासा मोजून घेतला आणि भोकातून परत सोडला.

लेक ट्राउटचा हिवाळी हंगाम 15 मार्चला संपतो, आणि त्याच तारखेपर्यंत सगळी खोपटी बर्फावरून हलवावी लागतात. मे महिन्यात मासेमारी पुन्हा खुली होते, आणि ऑक्टोबर उजाडायच्या आत बंद. खडकांवर अंडी पडायची वेळ तीच.