…नेलिउस मार्तिर : एका फुटक्या संगमरवराचा माग

रोमच्या जुन्या तटबंदीतून बाहेर पडून आप्पिया मार्गाने दक्षिणेकडे निघाले, की उजव्या हाताला सायप्रसच्या उंच झाडांची रांग लागते. या झाडांखाली आणि पलीकडच्या गवताखाली, चार मजल्यांत, जवळजवळ वीस किलोमीटर लांबीची भुयारे पसरलेली आहेत. ही संत कॅलिक्स्टस यांच्या नावाची दफनभूमी. इसवी सन २००च्या सुमारास कॅलिक्स्टस हे साधे डीकन, म्हणजे धर्मगुरूंच्या खालच्या दर्जाचे चर्चसेवक, असताना पोप झेफिरिनस यांनी त्यांच्याकडे तिची देखभाल सोपवली. पुढे ते स्वतः पोप झाले, परंतु नाव टिकले ते या देखभालीमुळे.

(जिना उतरतानाचे दृश्य. पायऱ्या संपेपर्यंत निवेदन नाही.)

भिंतीवर प्रकाश पडला आहे तिथे खडकाचा तपकिरी रंग आणि त्यावरचे कुदळीचे घाव स्पष्ट दिसतात. हा ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला टफ नावाचा खडक आहे. खणताना तो मऊ लागतो आणि हवा लागली की घट्ट होतो. कोकणात किंवा गोव्यात ज्यांनी जांभ्याचा चिरा खाणीतून निघताना पाहिला आहे, त्यांना हा गुण वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. रोमन कायद्याने शहराच्या हद्दीत दफनाला मनाई होती, बाहेरच्या जमिनीला भाव होता आणि ख्रिस्ती मंडळी मृतांचे दहन न करता दफन करीत. त्यामुळे जागा वाढवायची तर ती खालच्या दिशेनेच वाढवणे भाग होते. हे काम करणाऱ्यांना लॅटिनमध्ये ‘फोस्सोर’, म्हणजे खणणारे, म्हणत. तेलाच्या दिव्याच्या उजेडात ते बोळ कोरीत, माती टोपल्यांतून वर पाठवीत, आणि दोन्ही भिंतींत एकावर एक आडवे खण पाडत जात. प्रेत कापडात गुंडाळून खणात ठेवले, की तोंडाशी विटा किंवा संगमरवराची फरशी चुन्याने बसवली जाई. ज्यांना नाव कोरून घेणे परवडत नसे, ते ओल्या चुन्यात एखादे नाणे किंवा काचेचा तुकडा दाबून खूण करीत. अशा खुणा कॅमेऱ्याने जवळून टिपल्या आहेत.

ख्रिस्ती लोक या भुयारांत लपून राहत, ही समजूत चित्रपटांनी रुजवली आहे आणि ती खोडून काढायलाच हवी. ही उघडउघड स्मशाने होती. रोमच्या अधिकाऱ्यांना त्यांचा ठावठिकाणा माहीत होता.

आता दिसतो आहे तो द्राक्षमळ्याचा भाग. १८४९ साली इथे जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी या सत्तावीस वर्षांच्या अभ्यासकाला संगमरवराचा एक तुटका तुकडा मिळाला. त्यावर ‘…नेलिउस मार्तिर’ एवढीच अक्षरे होती. मार्तिर म्हणजे हुतात्मा. नावाचा आरंभ तुटून गेलेला होता. त्या काळी कॅलिक्स्टस यांची दफनभूमी जवळच्याच संत सेबॅस्टियन यांच्या चर्चखाली आहे असे सर्वजण मानीत. दे रोस्सी यांनी मात्र कुदळीआधी पोथ्या हाती घेतल्या. सातव्या शतकात रोमला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी लिहिलेल्या वाटाड्या-पोथ्यांत, कोणत्या रस्त्याने गेल्यावर कोणत्या हुतात्म्याचे थडगे लागते, याचा क्रम दिलेला होता. तो क्रम जमिनीशी ताडून पाहिल्यावर आप्पिया मार्गालगत कॉर्नेलियस नावाच्या पोपचे थडगे असायला हवे असा हिशेब निघत होता, आणि ‘नेलिउस’च्या आधी ‘कोर’ जोडले की नाव पुरे होत होते. ही जमीन विकत घ्यावी असे त्यांनी पोप नववे पायस यांना पटवून दिले. त्याआधीची जवळपास तीन शतके या भुयारांतून हाडे उपसून, ती हुतात्म्यांचीच आहेत असे गृहीत धरून, युरोपभर चर्चना वाटली जात होती. दे रोस्सी यांचे मोठेपण हे, की हाडांपेक्षा अक्षरांवर त्यांचा विश्वास अधिक होता.

१८५२ साली उत्खनन थडग्याच्या या दालनापर्यंत पोहोचले. राडारोडा उपसताना फरशीचा उरलेला भाग सापडला. त्यावर आधीचे ‘कोर’ होते, आणि शेवटी ‘एप’, म्हणजे एपिस्कोपुस, बिशप. दोन्ही तुकडे एकमेकांना जुळले.

(फरशीवरील अक्षरे डावीकडून उजवीकडे, सावकाश. केवळ पावलांचा आवाज.)

पुढे १८५४ साली दे रोस्सी यांना जे पोपांचे दालन सापडले, तिथल्या फरशा ग्रीकमध्ये आहेत. पोंतियन, अंतेरोस, फेबियन, ल्युसियस, युतिकियन ही नावे ग्रीक लिपीत वाचता येतात. कॉर्नेलियस यांची फरशी लॅटिनमध्ये आहे आणि त्यांचे थडगेही त्या दालनापासून दूर, ल्युसिना यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात आहे. पोपांच्या दालनातील संगमरवरी लेख पोप डॅमासस यांनी चौथ्या शतकात बसवला. आपल्यालाही इथे देह ठेवावासा वाटत होता, परंतु पुण्यवंतांच्या अस्थींना धक्का लागेल या भीतीने आपण तो विचार सोडला, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. लेखाचे असंख्य तुकडे झाले होते. दे रोस्सी यांनी तेही जुळवले.

कॉर्नेलियस कोण होते, हे त्यांच्या एका पत्रातून कळते. सम्राट डेसियसच्या छळात २५० साली पोप फेबियन मारले गेले. वर्षाहून अधिक काळ जागा रिकामी राहिली, आणि २५१ साली कॉर्नेलियस निवडले गेले. अँटिओकच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी रोमच्या मंडळीचा हिशेबच मांडला आहे : ४६ धर्मगुरू, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ अकोलाइट (वेदीसेवक), भूत उतरवणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, शिवाय मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या विधवा आणि गरजू १५००हून अधिक. छळाच्या भीतीने ज्यांनी देवतांना बळी अर्पण केला होता, त्यांना प्रायश्चित्तानंतर परत घ्यावे असे त्यांचे मत होते. ते न पटलेल्या नोव्हेशियन या रोममधल्याच धर्मगुरूने स्वतःला रोमचा वेगळा बिशप म्हणवून घेतले. सम्राट गॅलसच्या काळात कॉर्नेलियस यांना आजच्या चिव्हितावेक्किया बंदरात हद्दपार करण्यात आले आणि २५३ साली तिथेच ते वारले. शिरच्छेदाची कथा नंतरची आहे. चौथ्या शतकातील रोमच्या नोंदीत, तिथे ते ‘गौरवाने निद्रिस्त झाले’, एवढेच शब्द आहेत.

थडगे आता रिकामे आहे. मध्ययुगाच्या आरंभी रोमच्या हुतात्म्यांच्या अस्थी भुयारांतून शहरातल्या चर्चमध्ये हलवल्या गेल्या आणि नंतर हे सारे विस्मरणात गेले. १९३०पासून येथील व्यवस्था डॉन बॉस्को यांच्या सेल्सियन संघाकडे आहे, माटुंग्याची शाळा चालवणारा तोच संघ.

शेवटचे दृश्य थडग्याच्या बाजूच्या भिंतीचे आहे. बायझंटाइन शैलीतील या भित्तिचित्रात दोन बिशप हातात ग्रंथ घेऊन उभे आहेत : एक कॉर्नेलियस, आणि दुसरे आफ्रिकेतील कार्थेजचे बिशप सिप्रियन, ज्यांनी नोव्हेशियनच्या वादात पत्रे लिहून कॉर्नेलियस यांची बाजू उचलून धरली होती आणि ज्यांचा २५८ साली शिरच्छेद झाला. दोघांचा सण १६ सप्टेंबरला एकत्रच येतो. वसईच्या एखाद्या चर्चमध्ये मराठी मिस्सा चालू असते आणि धर्मगुरू रोमन परंपरेतील जुनी कृतज्ञतास्तुती, म्हणजे मिस्सेतली मुख्य प्रार्थना, म्हणतात, तेव्हा हुतात्म्यांच्या नामावळीत कॉर्नेलियस यांच्यामागोमाग सिप्रियन यांचे नाव येते.

(भित्तिचित्रावर कॅमेरा स्थिर. दिवा मालवतो.)