एमन्सला आलेला रॉकफेलर

ही बिग कोल नदी. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता आणि घरं. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातली ही खाणकामगारांची वस्ती, एमन्स.

१९६४ साली इथे साडेसहा फूट उंचीचा एक तरुण राहायला आला. जे रॉकफेलर. स्टँडर्ड ऑइलवाल्या जॉन डी. रॉकफेलर यांचा पणतू. हार्वर्डचा पदवीधर, तीन वर्षं जपानमध्ये शिकलेला. गरिबीविरुद्धच्या मोहिमेचा स्वयंसेवक म्हणून आला आणि या राज्याचाच झाला. घराणं रिपब्लिकन, काका नेल्सन तेव्हा न्यूयॉर्कचे गव्हर्नर. पुतण्या मात्र १९६६ मध्ये डेमोक्रॅट म्हणून राज्याच्या विधिमंडळावर निवडून आला.

हा सोललेला डोंगर बघा. खाली बोगदा नाही. वरची झाडं, माती, खडक काढून कोळसा उपसलाय. हे पूर्ण बंद करा, असं म्हणत १९७२ मध्ये रॉकफेलर गव्हर्नरपदाला उभे राहिले. हरले. १९७६ मध्ये जिंकले, तोवर ती मागणी त्यांनी सोडली होती. १९८० च्या प्रचारात तर स्वतःचे एक कोटीहून अधिक डॉलर ओतले.

१९८५ पासून ते सेनेटर. त्यांचं खरं काम इथल्या म्हाताऱ्या, निवृत्त खाणकामगारांसाठी झालं.

१९४६ मध्ये खाणी सरकारच्या ताब्यात असताना कामगारनेते जॉन लुईस यांनी करार करून घेतला: कोळशाच्या दर टनामागे पाच सेंट कामगारांच्या कल्याण निधीला. उपचारांचा शब्द मिळाला आणि त्या शब्दावर माणसं जमिनीखाली राबली. पुढे कंपन्या बुडाल्या, काहींनी अंग काढून घेतलं. पिट्स्टन कंपनीने निवृत्तांचे आरोग्यलाभ तोडले, तेव्हा १९८९ मध्ये संप पेटला. कामगारमंत्री एलिझाबेथ डोल यांनी आयोग नेमला. आयोगाचा अहवाल हाती घेऊन रॉकफेलर निवृत्तांच्या उपचारांची हमी देणाऱ्या कायद्याच्या मागे लागले. १९९२ च्या मार्चमध्ये ही तरतूद असलेलं करविधेयक राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नाकारलं. रॉकफेलर यांनी ती ऊर्जा विधेयकात घालायला लावली आणि ऑक्टोबरमध्ये बुश यांचीच सही झाली. ज्या कंपन्यांनी या माणसांकडून काम करून घेतलं, त्यांनीच पैसे भरायचे. अगदी योग्य.

लाखाहून अधिक निवृत्त कामगार आणि विधवांचे उपचार चालू राहिले.

२०१२ मध्ये सेनेटमध्ये उभं राहून त्यांनी कोळसा कंपन्यांनाच सुनावलं, कामगारांना भीती घालणं थांबवा. जानेवारी २०१५ मध्ये ते निवृत्त झाले.