टिलव्याच्या पायातली कडी

(चिखलपट्टा. बांबू. वाऱ्यावर हलणारं जाळं.)

ऑक्टोबर महिना, तमिळनाडूतलं कोडिअक्कराई. किनारा इथे काटकोनात वळतो. एका अंगाला बंगालचा उपसागर, दुसऱ्या अंगाला पाल्कची सामुद्रधुनी. उत्तरेकडून आलेले थवे याच दलदलीत उतरतात.

हे मिस्टनेट, पक्ष्यांना कडी घालण्यासाठी धरायचं जाळं. धागा इतका बारीक की दिसतात ते फक्त लोंबते झोळ. पक्षी जाळ्यावर आपटतो आणि अलगद झोळात पडतो.

(हात, अगदी जवळून.)

आता हे हात पाहा. पक्षी ज्या बाजूनं शिरला, त्याच बाजूनं काढायचा. पाय सोडवले, पंख मोकळा केला, आता मान. ओढाताण अजिबात नाही. बिहारचे मीरशिकार यात मुरलेले. पाखरं धरून विकणं हा त्यांचा पिढीजात धंदा. अली हुसैन यांच्यासारख्या वस्तादांना बीएनएचएसनं, म्हणजे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं, हाताशी धरलं आणि तेच कसब अभ्यासाच्या कामी आलं. शोधनिबंधावर नाव शास्त्रज्ञाचं असतं. पक्षी हातात येतो तो मात्र यांच्यामुळे.

(कापडी पिशवी. वजनकाटा. वही.)

छोटा टिलवा, चिमुकला किनारपक्षी. जन्म सैबेरियाच्या टुंड्रातला, वजन जेमतेम 20-22 ग्रॅम. चोच कॅलिपरनं मोजली, पंख पट्टीवर. मग पिसं किती बदलली त्याचे गुण: जुनं पीस असेल तर 0, नवं पूर्ण वाढलेलं असेल तर 5. एक जण आकडे सांगतो, दुसरा उतरवून घेतो. ‘पाच, पाच, तीन...’

आणि ही कडी. अ‍ॅल्युमिनियमची, पक्कडीनं मिटवलेली. टोकं नीट जुळायलाच हवीत, एकावर एक चढली की पायाला काचते. तिच्यावर क्रमांक आणि मुंबईच्या संस्थेचं नाव.

हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं 1959 मध्ये, सलीम अलींच्या पुढाकारानं, आणि निमित्त होतं तापाचं! कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात 1957 मध्ये माकडं मरू लागली, माणसं आजारी पडली. सिंधुदुर्गात माकडताप म्हणतात, तोच हा आजार. स्थलांतरित पक्षी हा ताप पसरवणाऱ्या गोचिड्या घेऊन येतात का, हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेनं मदत केली. पुढे पक्ष्यांवरचा संशय मागे पडला, कड्या घालणं चालूच राहिलं.

या वह्यांमुळेच कळलं, की इथले छोटे किनारपक्षी कमी झालेत. मिठागरं वाढली, पाण्याचा खारेपणा बदलला.

(टिलवा तळहातावर. उडतो.)

कडीवाला पक्षी मेलेला सापडला, तर क्रमांक, ठिकाण आणि तारीख बीएनएचएसला कळवा. जिवंत असेल तर कडी काढू नका. क्रमांक टिपा, फोटो घ्या आणि सोडून द्या.