वाफ तीच, थर वेगळा

(दृश्य: पाषाण रस्ता, पावसाची झड. प्रयोगशाळेत पंपाची घरघर.)

पुण्यात पाऊस लागला की इथला पंप सकाळी लवकर सुरू करतात. हवेतली ओल रिअ‍ॅक्टरच्या, म्हणजे ज्या बंद काचपात्रात वाफेपासून काचपट्टीवर पातळ थर बसवायचा त्याच्या, भिंतींना धरून बसते. ती सुटेपर्यंत दाबाचा आकडा खाली यायला तयार नसतो. पुण्याच्या उंचीवर बाहेर हवेचा दाब साधारण ९५० मिलिबार. आत तो ०.०१ वर न्यायचा आहे.

या बाटलीतलं पाण्यासारखं दिसणारं द्रव म्हणजे हेक्सामिथाइलडायसिलोक्सेन. सगळे एचएमडीएसओ म्हणतात. दोन सिलिकॉन, मधे एक ऑक्सिजन, भोवती सहा मिथाइल गट. रेणूला रेणू जोडून साखळी करायला बऱ्याचदा कार्बनचा दुहेरी बंध लागतो, तो यात नाही. तरीही याचा थर बसतो. कसा, ते आता दिसेल.

व्हॉल्व्ह किंचित उघडला, वाफ आत गेली. १३.५६ मेगाहर्ट्झचा जनरेटर सुरू.

(दृश्य: प्लाझ्मा पेटतो. दहा सेकंद निवेदन नाही.)

हा उजेड म्हणजे प्लाझ्मा, विजेनं चेतवलेली वाफ. यातले इलेक्ट्रॉन हजारो अंश तापलेले आहेत, आणि काचेला बाहेरून हात लावला तर जेमतेम कोमट. हे इलेक्ट्रॉन वाफेचे रेणू फोडतात. तुकडे आत ठेवलेल्या काचपट्टीवर येऊन पुन्हा जुळतात, पण मूळच्या रचनेत नाही. किती फुटायचं, त्याचा हिशोब शास्त्रज्ञ हिरोत्सुगू यासुदा यांनी मांडला: जनरेटरच्या वॉटला वाफेच्या प्रवाहानं आणि रेणुभारानं भागा, म्हणजे वाफेच्या वाट्याला आलेली ऊर्जा कळते. रेणुभार १६२, तो बदलत नाही. वॉट आणि प्रवाह मात्र आपल्या हातात.

(दृश्य: दोन काचपट्ट्या, दोन थेंब.)

डावीकडे वॉट कमी, वाफ भरपूर. मिथाइल टिकले, थर मऊ सिलिकोनसारखा. पाण्याचा थेंब बघा, शंभर अंशांच्या आसपास कोन करून उभा आहे. उजवीकडे वॉट वाढवले, सोबत भरपूर ऑक्सिजन सोडला. मिथाइल जळून पंपावाटे निघून गेले. उरली ती जवळजवळ काचच. थेंब पसरला.

बाटली दोन्हींना एकच होती. म्हणून नुसतं ‘एचएमडीएसओचा थर’ असं लिहिणं मला अपुरं वाटतं. वॉट, प्रवाह, दाब लिहायलाच हवेत. पट्टी कुठे ठेवली होती तेसुद्धा: वाफेच्या नळीच्या तोंडाशी ठेवलेली आणि पंपाच्या बाजूची, एकाच वेळी केलेल्या या दोन पट्ट्यांवरचा थर सारखा निघत नाही.

असे थर मोटारींच्या हेडलाइटमधल्या आरशावर असतात, वैद्यकीय उपकरणांवरही.

(दृश्य: विद्यार्थिनीचे हात.)

जनरेटर बंद झाला, तरी विद्यार्थिनी वाफ लगेच बंद करत नाही. थरात अजून रिकामे बंध आहेत. हवेतला ऑक्सिजन त्यांना गाठण्याआधी वाफेनं त्यातले काही भरून काढावेत, म्हणून काही मिनिटं थांबायचं. मग हवा आत. पट्टी डबीत, आणि डबीवर पेन्सिलीनं आधी वॉटचा आकडा.