प्लंबर, इलेक्ट्रिशियन मित्रांनो, रील नंतर! आधी नंबर सेव्ह करून घ्या

नमस्कार मंडळी. आवाज येतोय ना? मागे मिक्सर चालू आहे, तो बंद होणार नाही, डब्याची वेळ आहे.

गेल्या व्हिडिओत मी फ्लश टँकचा वॉशर बदलून दाखवला. कमेंटमध्ये वॉशरबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. सगळे विचारतायत, "दादा, मोबाइलवरून कामं मिळतात का?" "इन्स्टावर किती फॉलोअर्स झाले की फोन यायला लागतात?" आणि एका ताईंनी लिहिलंय, "तुमच्या मागचा नळ गळतोय." हो ताई, गळतोय. तीन आठवडे झाले. त्या विषयावर आमच्या घरात रोज चर्चा होते, तुम्ही नका सुरू करू.

तर आज सोशल मीडिया. सोपं आहे ते भराभर उरकतो.

गुगलवर धंद्याचं प्रोफाइल काढा. फुकट आहे. दुकान नसेल तर घराचा पत्ता लपवता येतो, कुठल्या भागात काम करता तेवढं टाकायचं. मी इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाटा टाकलंय. खात्री करायला व्हिडिओ मागितला तर हत्यारांची पिशवी, गाडी, पाटी असेल तर पाटी दाखवा. नावात "नाशिकमधला नंबर एक स्वस्त प्लंबर चोवीस तास" असलं काही कोंबू नका, प्रोफाइल बंद होऊ शकतं. आणि "गुगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर लिस्टिंग जाईल" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. झालं.

व्हॉट्सॲप बिझनेस. २०१८ पासून आहे, तेही फुकट. कॅटलॉगमध्ये कामं आणि दर टाका. हात पाइपात असताना फोन घेता येत नाही, म्हणून आपोआप जाणारा मेसेज लावा. झालं.

आता मुद्द्याचं. ऐकताय ना? मिक्सरपण थांबलाय बघा.

मागच्या दिवाळीच्या आधी मी व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना, पण प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, मी जवळजवळ सगळी भरली. चार वर्षांची गिऱ्हाइकं, डायरीतून एकेक नंबर काढून. मेसेज काय, "सणाच्या आधी टाकी साफ करून घ्या." पाठवला आणि वाट बघत बसलो. म्हटलं, आता फोन खणाणणार. दोन दिवसांत फोन आले तीन. मेसेजवर बोट दाबून इन्फोमध्ये गेलो, तर वाचलेल्यांची यादी एका स्क्रीनवर मावत होती. बाकीच्यांना मेसेज पोचलाच नव्हता!

कारण? ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यालाच जातो, ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे. तुमच्या फोनमध्ये त्याचा आहे, त्याला काही अर्थ नाही. त्याच्या फोनमध्ये तुमचा पाहिजे. मी चार वर्षं लोकांचे नंबर गोळा करत होतो, माझा कुणाकडेच नव्हता.

आता म्हणाल, "दादा, आम्ही ब्रॉडकास्ट करत नाही, स्टेटस ठेवतो." स्टेटसचं तर दोन्हीकडून आहे. तुमच्याकडे त्याचा नंबर आणि त्याच्याकडे तुमचा, दोन्ही सेव्ह असतील तरच दिसतं. म्हणजे तुम्ही नव्या बाथरूमचं इतकं छान फिटिंग दाखवता आणि बघतं कोण? मेव्हणा, मामा आणि हार्डवेअरच्या दुकानातला पोऱ्या.

बरं, व्हॉट्सॲप सोडा. रात्री अकराला काकूंच्या घरी अँगल कॉक तुटलाय, पाणी हॉलपर्यंत आलंय. काकू रील बघणार आहेत का तेव्हा? काकू फोनमध्ये "प्लंबर" टाइप करणार आणि जो पहिला दिसेल त्याला लावणार. त्या यादीत तुम्ही नाही, तर मागच्या महिन्यात तुम्ही कितीही सुबक काम केलेलं असो, जाणार दुसराच. म्हणून नंबर नुसता तुमच्या नावाने सेव्ह करायला सांगू नका. सुनील नावाची दहा माणसं असतात. "प्लंबर सुनील" म्हणून करायला सांगा. प्लंबर आधी, नाव नंतर.

हे करून कसं घ्यायचं? काम झालं, पाणी सोडून दाखवलं, आता पैसे द्यायचे आहेत. तोच क्षण. म्हणायचं, "काकू, बिल व्हॉट्सॲपवर टाकलंय, तिथून नंबर सेव्ह करा, वॉरंटीला लागेल." आणि तिथेच उभं राहायचं. त्यांचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही, पण हलायचंही नाही. "करते नंतर" म्हणाल्या की समजायचं, गेलं. मी आता चपला घालत घालत हळूच विचारतो, "झाला का सेव्ह?"

मागे एका काकांनी स्क्रीन दाखवली, "हा बघ, तू आधीच आहेस." नाव काय होतं माहितेय? "प्लंबर उशिरा येतो." म्हटलं काका, राहू द्या, प्लंबर आधी आहे ना, बास.

दुसरी गोष्ट, स्टिकर. मेन व्हॉल्व्हच्या शेजारी भिंतीवर किंवा बेसिनखाली लावतो, घरच्यांना विचारून. पाणी बंद करायला माणूस तिथेच वाकतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्यूआर कोड मिळतो, तोच छापलाय. ओल लागते, त्यामुळे कागदाचा नको, प्लास्टिकचा घ्या.

आता रीलबद्दल, नाहीतर म्हणाल टाळतोय. मी टिकटॉकवर होतो. बरे व्ह्यूज यायचे. २०२० च्या जूनमध्ये बंदी आली आणि एका रात्रीत सगळं गटारात. मग इन्स्टावर आलो. एक रील चालली, तुंबलेल्या जाळीतून केसांचा गुंता काढतानाची. लोकांना घाण बघायला इतकी का आवडते, मला खरंच कळत नाही. त्या रीलवरून फोन आले दोन. एक लातूरहून, दुसऱ्याला गुंता कुणाचा होता ते विचारायचं होतं. रील करा, मीही करतो, पण शहराचं, भागाचं नाव टाका आणि त्याला धंदा समजू नका.

आणि एक, फोटो. लोकांच्या बाथरूमचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नका रे. एका पोराने मला त्याचं पेज दाखवलं, नळ चकचकीत, आणि मागे दोरीवर घरातल्यांचे सगळे कपडे. आरशात तो स्वतः, तोंडात टेफ्लॉन टेप. गिऱ्हाइकाने बघितलं तर परत दारात उभं करेल का?

गुड मॉर्निंगची फुलं पण बंद करा. मुश्किलीने सेव्ह झालेला नंबर लोक त्याच फुलांमुळे ब्लॉक करतात. मी वर्षातून चार मेसेज पाठवतो: उन्हाळ्याच्या तोंडावर, पावसाळ्याआधी, दिवाळीला, आणि भाव वाढला की.

हां, आणि कमेंटमध्ये माझा नंबर मागू नका. मी नाशिकच्या बाहेर येत नाही. वर्ध्याचे एक जण रोज विचारतात, "कधी येताय?" दादा, तिथलाच कुणीतरी बघा. आणि काम झाल्यावर त्याचा नंबर सेव्ह करा.