उन्हाळ्याचं माळवं, ओसरीवरचं रोप

[दृश्य : लातूर जिल्ह्यातलं माळवदाचं घर. सकाळ. ओसरीवर काळे ट्रे, शेजारी कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) वीट पाण्यात फुगतेय.]

निवेदन :

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, नुकतीच झाली आहे. रानात ज्वारी पोटऱ्यात आलीय, हरभरा फुलावर आहे. सगळ्यांचं लक्ष रब्बीकडे. या ओसरीवर मात्र आजपासून उन्हाळ्याच्या भाजीची सुरुवात होतेय. मिरची, टोमॅटो, वांगी, आणि एका बाजूला तुळस नि सब्जा.

मागे परस आहे, परसात वाफा आहे. तरी बी घरात का टाकायचं?

पहिलं कारण थंडीचं. मराठवाड्याची ओळख उन्हाची असली, तरी डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा रात्री १० अंशांच्याही खाली उतरतो. मिरचीच्या बियाला उगवायला २५ ते ३० अंशांची ऊब लागते. गार मातीत ते नुसतं पडून राहतं, आणि फार दिवस पडून राहिलेलं बी कुजतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. टोमॅटोचं झाड उन्हात जगतं, पण फळ धरत नाही. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे गेलं आणि रात्रीही तापायला लागल्या, की परागकण कमजोर होतात, फूल गळतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो. म्हणून हिशेब उलटा मांडायचा. मार्चमध्ये फळ धरायला हवं, तर लागवड फेब्रुवारीच्या सुरुवातीला हवी. रोप तयार व्हायला चार-पाच आठवडे लागतात. म्हणजे बी जानेवारी उजाडताच मातीत पडायला हवं. शिवरात्रीला बाजारातून रोपं आणून लावली, तर झाडं वाढतात, फुलतातही, आणि नेमकी फुलं यायच्या वेळी उन्हात सापडतात. घरात काढलेले हे काही आठवडे आपल्या पदरात पडतात ते असे.

[दृश्य : बियाण्याची पाकिटं. मागच्या बाजूच्या छपाईवर कॅमेरा.]

बियाणं निवडताना पाकीट उलटून वाचा. उगवण क्षमता आणि मुदत दोन्ही तिथे छापलेल्या असतात. मिरचीसाठी किमान ६० टक्के आणि टोमॅटो-वांग्यासाठी ७० टक्के उगवणीचं प्रमाण धरलेलं आहे. म्हणून दहा झाडं हवी असतील तर पंधरा-वीस बिया टाकाव्यात. बी गुलाबी, लाल किंवा निळं दिसलं, तर त्याला औषध चोळलेलं असतं. काम घरात आहे, शेजारी स्वयंपाक आहे, लेकरं आहेत. हात साबणाने धुवायचे, आणि उरलेलं बी डाळी-तांदळाच्या फडताळात ठेवायचं नाही. हे परत परत सांगावंसं वाटतं.

बियाण्याच्या बाबतीत आपला भाग पुढेच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणं कंपनी सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइज मिळालं. आज जालना देशभर बियाण्यांसाठी ओळखलं जातं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी तर पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला दाद न देणारी म्हणून दूरवर गेली. भेंडीचं बी मात्र ट्रेमध्ये टाकू नका. रात्रभर भिजवून थेट जागेवरच लावा. गवारीचंही तसंच, जागेवरच.

[दृश्य : मूठभर काळी माती, वाळून भेगाळलेली. मग चाळलेलं शेणखत.]

रानातली काळी माती कापसाला, ज्वारीला सोनं आहे. ट्रेमध्ये तिचा उपयोग नाही. पाणी दिलं की चिकट होते, वाळली की वर पापडी धरते. नाजूक कोंबाला ती पापडी फोडता येत नाही, आणि भेगा पडल्या की मुळं तुटतात. त्यापेक्षा दोन भाग भिजवलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळ खत, एक भाग चांगलं कुजलेलं, चाळलेलं शेणखत घ्यावं. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये.

ट्रे नसला तर दह्याचे कप, चहाचे कागदी कप, दुधाच्या पिशव्या, काहीही चालतं. तळाला भोक पाहिजे एवढंच.

मिरचीचं बी आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवतात. मग मटकीला मोड आणतात तसं ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या बाजूला, पण धगीपासून लांब ठेवतात. पांढरा कोंब दिसला की एकेक बी खाचेत. ओसरीवर बसलेल्या आजी सुनेला सांगतात, “लई खोल घालू नको गं, नखाएवढंच.” अर्धा सेंटिमीटर पुरे. तुळशीचं बी तर वरच भुरभुरायचं, दाबायचं, त्यावर माती टाकायची नाही.

[दृश्य : अगदी जवळून, मिरचीचं रोप. दोन पानांच्या टोकावर बियाचं टरफल अडकलेलं.]

हे बघा. कोंब वर आलाय, आणि दोन्ही पानं अजून बियाच्या टरफलात अडकलेली आहेत. हाताने ओढलं तर पानं तुटतील. टरफलावर पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि तासाभराने पुन्हा बघायचं. मऊ झालं की बहुतेक वेळा ते आपोआप गळतं.

टोमॅटो साधारण आठवड्यात उगवतो, वांगं त्याच्या मागोमाग, मिरची दहा-बारा दिवस घेते. उगवेपर्यंत ऊब हवी. उगवल्यावर मात्र लगेच उजेड हवा, आणि इथेच घरातली बहुतेक रोपं बिघडतात. खिडकीतला उजेड आपल्याला भरपूर वाटतो, रोपाला तो अपुरा पडतो. रोप उजेडाकडे वाकतं, लांबुडकं होतं, मग पहिल्या वाऱ्याला आडवं. आपल्याकडे जानेवारीचं ऊन कोवळं आणि भरपूर आहे. त्याचा फायदा घ्यावा. सकाळी ट्रे अंगणात, संध्याकाळी परत ओसरीवर. बाहेर असताना वर बारीक छिद्राची जाळी घातली तर पांढरी माशी बसत नाही. मिरचीवरचा चुरडामुरडा आणि टोमॅटोची पानं वळणारा रोग हीच माशी आणते. लहान रोपाला लागण झाली, तर त्या झाडाची आशा सोडावी लागते.

[दृश्य : एक रोप कोलमडलेलं. जमिनीलगतचा देठ दोऱ्यासारखा बारीक.]

हा मर रोग. जास्त पाणी, कोंदट हवा आणि मातीतली बुरशी. म्हणून पाणी सकाळीच द्यायचं, तेही ट्रेखालच्या ताटलीत. रोपं वरून भिजवायची नाहीत. बियाला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, चोळला असेल तर धोका बराच कमी होतो, पण औषध चोळलेल्या बियाला तो पुन्हा चोळू नये.

पाणी कोणतं, हेही बघावं लागतं. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने कोकोपीटवर पांढरा थर येतो. घरच्या आरओमधून वाया जाणाऱ्या पाण्यात तर क्षार आणखी वाढलेले असतात. ते भांड्यांना, फरशीला वापरा, रोपांना नको. आणि पाण्याची काटकसर हा इथे छंद नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. शंभरेक रोपांचा एक ट्रे रोजच्या तांब्या-दीड तांब्यात निभतो, तेवढ्याच रोपांच्या वाफ्याला बादल्या लागतात.

काकडी, दोडका, कारलं, दुधी यांना ट्रेमध्ये फार काळ ठेवता येत नाही. मुळांना धक्का सोसत नाही. कागदी कपात बी टाकावं आणि दोन-तीन पानांवर आलं की कपाचा तळ फाडून तसंच लावावं. कोथिंबिरीला उपटून लावलेलं मानवत नाही. धणे रगडून दोन फाकी करायच्या आणि सावलीच्या कडेला थेट पेरायच्या. पुदिन्याला बी शोधू नका. बाजारच्या जुडीतल्या चार जाड काड्या ग्लासभर पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात.

[दृश्य : फेब्रुवारी. परसातला वाफा, उसाचं पाचट, तुराट्या.]

लागवडीआधी आठवडाभर रोपांना थोडं कडक वागवायचं. पाणी कमी, ऊन रोज जास्त. मग ऊन उतरल्यावर, संध्याकाळी लावायचं. टोमॅटो खालच्या पानांपर्यंत खोल गाडला तरी चालतो, देठाला नवी मुळं फुटतात. मिरची-वांगं ट्रेमध्ये होतं तेवढ्याच खोलीवर. बुडाशी पाचट अंथरायचं, आणि पहिले तीन-चार दिवस दुपारी तुराट्यांची सावली.

रिकामे ट्रे धुवून, उन्हात वाळवून ठेवा. पावसाळी मिरचीचं बी मे महिन्यात याच ट्रेमध्ये पडणार आहे. तेव्हा अडचण थंडीची नसेल, उन्हाची असेल. त्यामुळे ट्रे ओसरीच्या सावलीच्या बाजूला सरकवावे लागतील.