बत्तीसचा टाकून द्या!

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत वायरिंग झालं, ते दोन दिवे, एक पंखा आणि फार तर रेडिओ एवढ्या हिशेबानं. भिंतीवर लाकडी पट्टी, तिच्यावर वायर, मीटरजवळ चिनी मातीचा किटकॅट फ्यूज; लोड वाढला की त्यातली बारीक तार वितळायची. पुढे फ्रिज आला, मिक्सर आला, इंडक्शन आलं. वायर बऱ्याच घरांत तीच राहिली.

(दृश्य: ओट्यावरचा एक्स्टेन्शन बोर्ड, जवळून)

बोर्डावर 6 अँपिअर लिहिलंय. आपल्याकडे व्होल्टेज 230. म्हणजे सगळं मिळून 1380 वॉट. त्यात ही इलेक्ट्रिक किटली एकटीच 1500 वॉटची. शेजारी 2000 वॉटचं इंडक्शन, तेही जाड पिन कन्व्हर्टरमध्ये खुपसून. दोन्ही चालू केली की पंधरा अँपिअरच्या वर. बोर्डाला भोकं चार असली तरी मागे वायर एकच आहे.

करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. पिनेभोवतीचं प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग तपकिरी. घरात मासळी नसताना मासळीसारखा वास आला, तर आधी बोर्डाकडे बघा.

(दृश्य: उघडलेला डीबी, म्हणजे जिथून घरातल्या सगळ्या लाइनी वाटल्या जातात तो डबा)

एमसीबी म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप बंद होणारा खटका. त्याच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते. लोड वाढला की ती तापून वाकते आणि खटका पडतो. अर्थात लगेच नाही. 16 अँपिअरचा एमसीबी 23 अँपिअरवर तासाभरात पडला तरी मानकानुसार तो चोखच.

तो सारखा पडायला लागला की वायरमनला सांगितलं जातं, "बत्तीसचा टाकून द्या." आणि तो टाकूनही देतो! आता 36 अँपिअर गेले तरी हा गडी तासभर ढिम्म हलत नाही. भिंतीतली दीड एमएमची वायर तेवढा वेळ तापत राहते. किटकॅटमध्ये जाड तार पिळून बसवणं हाही त्यातलाच प्रकार. आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा खटका, आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो शॉकपासून वाचवतो, लोड मोजत नाही.

इंडक्शन, गीझर, एसी यांना डीबीपासून स्वतंत्र लाइन हवी, अर्थिंगसह. 16 अँपिअरच्या सॉकेटला अडीच एमएम, एसीला सहसा चार. घराचा मंजूर भार वीजबिलावर छापलेला असतो. नवी वस्तू आणण्याआधी तो बघा, कमी पडत असेल तर वाढवून घ्या.

घर भाड्याचं आहे, भिंत फोडता येत नाही? मग इंडक्शन आणि किटली एक्स्टेन्शनवरून काढा, भिंतीतल्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर आळीपाळीनं लावा. चहा पाच मिनिटं उशिरा होईल.